थांब, विचारते

चष्मा मुकाट्यानं माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. एरवी हा माणूस दहा पावलं लांबूनच बडबड सुरू करतो. चष्मा म्हणजे आमच्याकडचा तपासनीस. आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणं हे त्याचं काम, आणि नाकावर कधीच नसलेला, सदानकदा कपाळावर चढवलेला चष्मा ही त्याची ओळख. "डोळ्यांच्या दवाखान्याचं पान," तो म्हणाला. "काय झालं त्याचं?" "काही नाही. छान चाललंय. अकरा दिवसांत एकही चूक नाही." "मग?" "मग हेच की बाई. आपल्या हातून एकही चूक नाही म्हणजे काय?" मला हसू आलं नाही. त्यानं माझ्या कीबोर्डवर परस्पर हात घातला आणि दाखवलं. त्या पानात दवाखान्याची जी खिडकी बसवलेली होती, ती अकरा दिवस उघडलीच नव्हती. पान तिला विचारत होतं, मंगळवारी साडेदहाची वेळ मिळेल का, आणि उत्तर येत होतं, हो, नोंदली. माणसं दोन-दोन बस बदलून दवाखान्यात पोचत होती आणि तिथली बाई वहीत बघून सांगत होती, तुमचं नाव नाही. "मग हो कोण म्हणतंय?" चष्म्यानं विचारलं. कोण म्हणतंय ते मला चांगलं ठाऊक होतं. माझी डमी. मीच लिहिली होती ती.

माझं काम कोणाला समजावून सांगायचं म्हणजे माझी पंचाईतच होते. ताईला वीस वर्षं वाटतंय की मी टायपिंग करते. आईला मात्र एकदा फोनवर सांगितलं होतं आणि तिला ते झटकन कळलं होतं. म्हटलं, आई, संगणकावर एक पान उघडलं की त्यात कधी कधी दुसऱ्या कोणाचं तरी पान बसवलेलं असतं, खिडकीसारखं. दिसायला दोघं एकत्र, पण एकाला दुसऱ्याच्या घरात हात घालायची सोय नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीवर नंबर घालायचा, म्हणजे उत्तर आलं की ते कुठल्या प्रश्नाचं ते कळतं. चिठ्ठी कुठून आली तेही तपासायचं, कारण कोणीही काहीही टाकतं. मागच्या खोलीत राबणारे काही कामकरी असतात, त्यांना तर पडद्यावर काय चाललंय ते दिसतही नाही. त्यांनी काम करायचं आणि चिठ्ठीनंच उत्तर पाठवायचं. आणि चिठ्ठीतून वस्तू जात नाही, नक्कल जाते. अमुक झालं, तमुक हवंय एवढं जातं; करणारा हात जात नाही. ह्या चिठ्ठ्यांची ने-आण मी लिहिते. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे दोन खोल्यांत दोन माणसं रुसून बसलीत आणि मधे तू." आणि अशी हसली, अशी हसली की तिला ठसका लागला. मला तेव्हा वाटलं, चला, एकीला तरी कळलं. ती का हसली हा प्रश्न मला पडला नाही. मी असल्या बाबतीत मठ्ठच आहे.

तर डमी. दवाखान्याची खिडकी तयार व्हायला उशीर लागत होता आणि आमचं पान तर तपासून हवं होतं, म्हणून मी तिच्या जागी एक डमी उभी केली. आम्ही नेहमी करतो. काहीही विचारा, ती म्हणणार, हो, नोंदली. खरी खिडकी आली की डमी काढून टाकायची. मी काढली नाही, विसरले, संपलं. पण चष्मा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघ, तू हिच्यात उशीरही घातलायस." खरंच घातला होता. विचारल्या विचारल्या उत्तर आलं तर खोटं वाटतं. म्हणून प्रश्न आल्यावर तिनं थोडं थांबायचं, कधी एक सेकंद, कधी दोन, जणू आत जाऊन कोणाला तरी विचारून येतेय. "फार गुणाची आहे गं तुझी डमी," चष्मा म्हणाला, "मीसुद्धा फसलो असतो." आणि त्याच क्षणी, ऑफिसच्या त्या थंडगार खोलीत सगळे चहाला उठत असताना, माझ्या कानात आईचा आवाज आला. अगदी स्वच्छ. थांब, विचारते हं.

दर रविवारी अकरा वाजता मी आईला फोन करायची. बाबांबद्दल काही निघालं, म्हणजे मी येऊ का सुट्टीला, त्यांना चालेल ना, माझ्या नव्या घराचं कळलं का त्यांना, की आई म्हणायची, थांब, विचारते. मग फोनवर शांतता. कधी थोडी, कधी जास्त. मग, म्हणतात ये. म्हणतात, छान झालं. म्हणतात, जपून राहा. दुसऱ्याच्या मापाची हातमोज्यांची जोडी घालावी तशी मी ती उत्तरं आयुष्यभर घातली. नीट बसत नव्हती, पण ऊब होती. आता त्या शांततेत मला काय ऐकू यायचं ते मी आठवायला लागले. नळाचं पाणी. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. एकदा तर ती गुणगुणत होती. पण पावलं? दाराची कडी? "अहो, ऐकलंत का" असं काही? वीस वर्षांत एकदासुद्धा नाही. चष्मा काहीतरी विचारत होता आणि मी नुसतीच मान हलवत होते. 

मुळात भानगड सुरू झाली ती एका पाटीवरून. बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा, त्यात किल्ली धरून कानस मारायला एक शिकंजा, किल्ल्यांची भिंत आणि आम्ही दोघं. ताईला त्या लोखंडाच्या वासानं मळमळायचं. मला मात्र तिथेच करमायचं. नवी किल्ली करायची तर बाबा कुलपात कोरी पट्टी घालून पिळायचे, बाहेर काढायचे आणि मला म्हणायचे, बघ गं टाचणे, खूण कुठे उठलीय? जिथे पट्टी आत घासली तिथे केसाएवढी चमक उठते. तिथे कानस मारायची, परत घालायची, परत पिळायची. माझे डोळे तीक्ष्ण होते. मी काटकुळीही होते, म्हणून टाचणी. दारासमोर गुडघे टेकून बसलेले बाबा आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघणारी मी, असं आमचं चालायचं. मी बावीस वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला न सांगता दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली. त्यांच्या नावापुढे दोन शब्द वाढले होते: आणि कन्या. त्याच आठवड्यात मला ह्या शहरात नोकरी लागल्याचं पत्र आलं होतं आणि तेही मी त्यांना सांगितलं नव्हतं. पाटीखाली उभं राहूनच मी सांगितलं. ते स्टुलावर चढले, डब्यातला उरलेला रंग घेतला आणि तो फासून ते दोन शब्द बुजवून टाकले. मी निघाले तेव्हा ते दुकानात होते. पुढच्या रविवारी आई फोनवर म्हणाली, "त्यांचा राग नाही गं तुझ्यावर. कालच म्हणाले, तिचं बरं झालं म्हणजे झालं." त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. ते वाक्य नसतं तर मी कदाचित परत गेले असते, कदाचित कधीच फोन केला नसता. काय केलं असतं देव जाणे. वर्षातून दोनदा घरी जायची, तेव्हा बाबा आणि मी बसच्या वेळांबद्दल बोलायचो. मला वाटायचं, असू दे, मोठं वाक्य बोलून झालंय ना, आता छोट्यांचं काय एवढं.

आई जाऊन पाच महिने झाले. बाबा आधी ताईकडे होते, मग महिनाभर माझ्याकडे आले, आणि उद्या, शनिवारी, ताई त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. तिनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा म्हणतात, त्यांना माझ्याकडेच बरं वाटतं." मी म्हटलं, ठीक आहे. महिन्याभरात आम्ही बोललो ते एवढंच: चहा ठेवलाय. दार ओढून घे. पाणी येतंय का बघ. एकाच घरात, मधे एक पातळ भिंत, आणि मी माझ्या खोलीत बसून त्यांचं खोकणं मोजायची, पण उठून विचारायची नाही, कारण विचारायचं कसं तेच मला माहीत नव्हतं. विचारायचं काम आईचं होतं. आणि आता हे. ते वाक्यसुद्धा बाबांचं नसेल तर उद्या माझ्या घरातून जो म्हातारा जाणार आहे तो वीस वर्षं माझ्यावर रागावलेला माणूस आहे, आणि मी त्याला नुसता चहा देतेय.

मी डमी काढली. चार ओळी होत्या, पुसायला अर्धं मिनिट लागलं नाही. लगेच पडदा लालभडक झाला, दवाखान्याची खिडकी उघडत नाही, उत्तर नाही, वेळ संपली. "हं," चष्मा म्हणाला, "आता कसं खरं वाटतं." दवाखान्यातल्या बाईंना मी स्वतः फोन केला. चष्मा करतो म्हणत होता, मी म्हटलं नको. बाईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. त्यांचं चुकलं नव्हतं. "एक आजोबा म्हणत होते, मला हो म्हणून सांगितलंय, मी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तीन तास बाकावर बसून होते हो. शेवटी डॉक्टरांनी जेवण सोडून तपासलं त्यांना." मी माफी मागितली, अकरा दिवसांतली सगळी नावं काढून दिली, प्रत्येकाला आम्हीच फोन करू म्हणून कबूल केलं, आणि अर्धीअधिक माणसं संपवून तीन वाजता चष्म्याला म्हटलं, उरलेले तू करशील का, मला घरी जायचंय. त्यानं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मला नीट बघितलं आणि म्हणाला, "जा."

रस्त्यानं चालताना मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. विचारायचं तरी कशाला? खरं असेल तर शंका घेतली म्हणून वाईट वाटेल. खोटं असेल तर हातातलं होतं तेही जाईल. आई गेली, तिच्या मागे तिची झडती घ्यायची का? मला आईचा रागही येत होता, आणि राग आला की लगेच ती ठसका लागेपर्यंत हसलेली आठवायची. म्हणजे दोन खोल्यांत दोन माणसं रुसून बसलीत आणि मधे तू. तिनं तर सांगूनच टाकलं होतं मला. आणखी काय करायचं होतं तिनं? चौकातला दिवा हिरवा झाला तरी मी उभीच राहिले, मागच्या माणसानं "अहो ताई, चला की" म्हटलं तेव्हा चालू लागले.

बाबा मागच्या खोलीत होते. माझ्याकडे एक लोखंडी कपाट आहे, त्याची किल्ली मी आठ वर्षांपूर्वी हरवली आणि आत जुन्या वायरींशिवाय काही नाही म्हणून कधी उघडलं नाही. बाबांनी कपाटासमोर उशी टाकली होती, तिच्यावर एक गुडघा टेकला होता, दुसरा पाय लांब पसरला होता, आणि आपली जुनी कानस घेऊन बसले होते. मला बघून दचकले. "लवकर आलीस?" "हो." "बरं नाही का?" "बरी आहे." इथे आमचं बोलणं संपायचं. मी पर्स खाली ठेवली आणि दारातच उभी राहून, एका दमात, घाबरलेल्या पोरीसारखं म्हटलं, "बाबा, रविवारी फोनवर आई 'थांब, विचारते' म्हणायची. तेव्हा ती तुम्हाला विचारायची का?"

"कुठल्या रविवारी?"

"सगळ्याच."

त्यांनी पट्टी कुलपातून काढली, फुंकर मारली. "रविवारी मी दुकानात असायचो. तू गेल्यावर रविवारीही उघडायला लागलो. घरात बसून करायचं काय?" मग थोड्या वेळानं, "गुडघ्यानं दुकान बंद पडल्यावर घरी असायचो, पण तेव्हा ती फोन घेऊन गॅलरीत जायची. म्हणायची, आत ऐकू येत नाही."

मी खाली बसले. "मी गेले त्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, तिचं बरं झालं म्हणजे झालं. म्हणाला होतात का?"

बाबांना खोटं बोलता येत नाही. दुकानातही यायचं नाही, गिऱ्हाईकाला तोंडावर सांगायचे की हे कुलूप टाकाऊ आहे. ते पट्टीकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "मी असं काही म्हणालो नाही. मला राग होता. खूप होता. दोन-तीन वर्षं तर तुझं नाव काढलं की मी ताटावरून उठायचो." मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण लपवायला मधे कोणी नव्हतं. बाबा गडबडले. "अगं, पण ते तेव्हाचं. पुढे कुठे राहिला? तू इतकं करायचीस, राग धरून बसायला मी काय दगड आहे?"

"मी काय केलं?"

"दर रविवारी माझ्या गुडघ्याची चौकशी करायचीस. रात्री जेवताना ती सांगायची, आज परत विचारलं हो तुमच्या टाचणीनं, बाबांचा गुडघा कसा आहे. आणि ते मलम पाठवायचीस, हिरव्या डबीतलं. मी म्हणायचो, तिला कळव, बरा आहे. एवढ्या लांबून पोरीच्या जिवाला कशाला घोर लावायचा? डबी संपायच्या आत दुसरी यायची तुझी. तेव्हा मला वाटलं, म्हटलं, दुकान सोडलं पोरीनं, मला नाही सोडलं."

 मी कधीही गुडघ्याचं विचारलं नव्हतं. बाबांचा गुडघा दुखतो हे मला ते महिन्यापूर्वी जिना चढताना कळलं होतं; दुकान वयामुळे बंद केलं, असंच आईनं सांगितलं होतं. हिरवी डबी मी बापजन्मात पाहिली नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं, हो बाबा. सोपं होतं. एक शब्द. दोन सेकंद थांबून म्हटलं असतं तर अगदी खरं वाटलं असतं. मला तो दवाखान्याच्या बाकावर तीन तास बसलेला म्हातारा दिसला.

"बाबा," मी म्हटलं, "मी नव्हते विचारत. एकदाही नाही विचारलं. मलम पण मी नव्हतं पाठवलं."

 बाबांनी कानस खाली ठेवली. मला वाटलं, झालं, उठतील आता ताटावरून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी कळेना. ते हसत होते. "तरीच!" ते म्हणाले. "तरीच मी म्हणायचो, त्या डबीवर आपल्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा शिक्का कसा! विचारलं तर म्हणाली, त्याची शाखा आहे हो तिकडे. शाखा! टपरीएवढं दुकान त्याचं!" मग मलाही हसू फुटलं, रडता रडताच, नाक पुसत. "बाई पक्की होती," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं मी कुलपं उघडली, पण तिचा पत्ता लागला नाही मला." आणि मग हसता हसताच त्यांनी डोळ्यांना हात लावला आणि तो बराच वेळ काढला नाही. मी सरकून त्यांच्या शेजारी बसले. तिला जाऊन पाच महिने झाले होते आणि आम्ही दोघं तिच्यासाठी एकत्र रडत होतो ते पहिल्यांदाच.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला. हा वेळ खरा होता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दुखतो," ते म्हणाले. "फार दुखतो गं. सकाळी तर टेकवत नाही." मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो सुजलेला होता, गरम होता. वीस वर्षं बरा होता तो. मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, "सोमवारी मी ताईकडे असेन ना. तुझं ऑफिस सांभाळून तुला जमत नाही, असं म्हणालीस ना तिला?"

"मी? मी कधी म्हणाले? ती म्हणाली, बाबांना माझ्याकडेच बरं वाटतं."

"मी असं काही म्हणालो नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "आईचीच पोर," बाबा म्हणाले, "पण हिला अजून सराव नाही." त्यांनी पट्टी पुन्हा कुलपात घातली, पिळली, बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. "बघ गं टाचणे, खूण कुठे उठलीय? मला आता दिसत नाही." मी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. मलाही लगेच दिसेना. चाळिशी लागलीय, सांगते कोणाला. मग तिरकी केल्यावर दिसली, तिसऱ्या दात्याशी, केसाएवढी. मी बोट ठेवलं. त्यांनी कानस मारली. असं चारदा झालं. पाचव्यांदा कुलूप कुरकुरलं आणि फिरलं. आत वायरीच होत्या.

"राहता का इथेच?" मी विचारलं. हे विचारायला मी महिनाभर शब्द शोधत होते आणि ते तीनच होते. बाबा किल्लीच्या कडा बोटानं चाचपत होते. "तुझी अडचण होत नसेल तर," ते म्हणाले. मी म्हटलं, "तसं नको. हवंय की नकोय ते सांगा." त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "हवंय," ते म्हणाले.

मी ताईला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटेला उचलला आणि सुरूच झाली, उद्या दहाला निघते, बाबांची औषधं वेगळ्या पिशवीत घाल, बरं वाटतंय ना त्यांना, जरा विचार गं. "थांब," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द सवयीनं ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला, घसा खाकरला.

"हॅलो," ते म्हणाले. "मी बोलतोय."